कव्हर पाणी अडवतं, पीत नाही

प्रश्न: ताई, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे, वजन ८ किलो. आम्ही खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे राहतो. मिस्टर बेळगावला उद्यमबागेत पाळीवर जातात, त्यामुळे रात्री बहुतेक मी एकटीच उठते. बाजारच्या फेकायच्या डायपरनं तिला जांघेत पुरळ उठलं, म्हणून ऑनलाइन सहा कापडी पॉकेट नॅप्या मागवल्या. दिवसा छान चालतात. रात्री मात्र एक-दीड वाजला की झबलं, दुपटं, खालची वाकळ, सगळं ओलं. मग महागातलं, मांडीला दुहेरी झालर असलेलं कव्हर घेतलं. तरी तेच. सासूबाई म्हणतात, जुन्या लुगड्याची बाळोती कर, आमची चार पोरं त्यावरच वाढली. त्यांनी ट्रंकेतून आजेसासूबाईंची दोन लुगडीही काढून दिली आहेत. शेजारच्या काकू म्हणतात, एवढं जाड बांधलंस तर पोरीचे पाय फेंगडे होतील. त्यात पावसानं धुणं वाळत नाही. कुठलं कव्हर घेऊ? आणि रात्रभर एकच नॅपी ठेवणं बरोबर आहे का?
— एक आई, खानापूर तालुका

उत्तर: तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आली ती ओली वाकळ. जांबोटीच्या पावसात वाकळ भिजणं म्हणजे काय, हे ज्या घरानं बघितलंय त्या घराला तुमचा वैताग वेगळा सांगावा लागत नाही. जुन्या लुगड्यांचे थरावर थर, वर दाट धावदोरा. एकदा भिजली की वरून कोरडी दिसते आणि आतून दमटच राहते. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. आणखी कव्हर घेऊ नका. तुमच्याकडची कव्हरं बहुधा चांगलीच आहेत. चुकतंय ते आतल्या घडीत, म्हणजे पॉकेट नॅपीच्या खिशात सरकवतो त्या पाणी पिणाऱ्या कापडात.

या कव्हरच्या कापडाला पीयूएल म्हणतात. पॉलिस्टरच्या कापडाला आतून पॉलीयुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो. आपल्या आज्या बाळाखाली मेणकापड घालायच्या, त्याचंच हे मऊ, शिवता येणारं रूप. ते पाणी अडवतं, पीत नाही. आतली घडी तुडुंब झाली की पुढचं पाणी वाट शोधणारच, आणि वाट दोनच ठिकाणी असते: मांडीची फट नाहीतर पाठीमागची कंबर. झालर दुहेरी असो की तिहेरी, आत जागाच उरली नसेल तर ती बिचारी किती अडवणार?

किती पाणी धरायचं ते बघा. दर किलो वजनामागे तासाला साधारण २ मिली धरलं तर ८ किलोच्या बाळाची दहा तासांची शू १६० मिलीच्या आसपास होते. रात्री अंगावर पीत असेल तर त्याहून जास्त. म्हणजे आपलं एक फुलपात्र, काठोकाठ. फेकायच्या डायपरमध्ये सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटचे बारीक कण असतात. ते पाणी ओढून जेलीसारखे फुगतात आणि दाबलं तरी सहसा सोडत नाहीत. कापडाचं तसं नाही. कापडात पाणी धाग्याधाग्यांच्या मधल्या जागेत बसतं आणि दाबलं की बाहेर येतं. झोपलेलं बाळ त्या घडीवर रात्रभर आपला भार देऊन असतं, हे धरून चाललं पाहिजे.

उद्या दुपारी पोर झोपली की मोरीत एक करून बघा. माझी लेक बाळंतपणाला आली होती तेव्हा तिनं आणलेल्या नॅप्यांवर मी हे केलं होतं. नॅपीसोबत आलेली घडी हातात घ्या. हलकी, टॉवेलसारखी बारीक लव असलेली आणि कोरड्या बोटांना किंचित चिकटल्यासारखी लागली, तर ती मायक्रोफायबर, म्हणजे अतिबारीक कृत्रिम धाग्यांची. मोरीच्या फरशीवर ती पसरा आणि फुलपात्रातलं पाणी हळूहळू ओता. झटक्यात पिईल. बघणाऱ्याला वाटतं, याहून चांगलं काय असणार! आता तिच्यावर तळहात ठेवा आणि बाळ बसेल एवढा भार द्या. बोटांच्या मधून पाणी वर येतं. माझ्या मनगटापर्यंत ओघळ आला होता. तुमच्याकडे रात्री दीड वाजता हेच होतंय. दिवसा दोन-तीन तासांनी बदलता, म्हणून ते कळत नाही.

आता जुन्या सुती लुगड्याचा ७० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घ्या. मधोमध दुमडा, परत मधोमध दुमडा. ३५ सेंटिमीटरचा चौपदरी चौकोन होईल. त्याची तीन पदरांत घडी घाला. बारा पदरांची, साधारण १२ सेंटिमीटर रुंद पट्टी तयार. अशा दोन पट्ट्या एकावर एक ठेवून तेच पाणी ओता. सुती कापड सावकाश पितं, पहिल्यांदा थोडं कडेनं ओघळेलही. पण मुरू द्या आणि मग दाबा. हाताला ओल लागेल, ओघळ येणार नाही. एकाच पट्टीवर केलंत तर ती पुरत नाही, हेही तिथंच दिसेल. लुगडं पातळ असेल तर तिसरी लागेल. तुमच्या घरच्या कापडाचं माप तुमच्या हातालाच कळू दे. पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा ते खरं.

तेव्हा सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि मी हे त्यांचं मन राखायला म्हणत नाही. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुती कापडातली खळ, गिरणीची चिकट, सगळं निघून गेलेलं असतं, म्हणून ते पाणी ओढतं. नवी सुती बाळोती आणलीत तर पाच-सहा धुण्यांशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, तोवर पाणी वरच्यावर घरंगळतं. त्यांच्या वेळी कमी होतं ते एवढंच, की बाळोत्यावर घालायला मऊ कव्हर नव्हतं. म्हणून त्या माउल्या रात्री चार-चार वेळा उठल्या. त्यांची घडी आणि तुमचं कव्हर एकत्र आणा.

पण ट्रंकेतली लुगडी नकोत. हे जरा आग्रहानं सांगते. आपल्या ट्रंकांत डांबरगोळ्या असतात. त्यातलं नॅप्थलीन कापडात मुरतं आणि बाळाच्या कातडीतून, श्वासातून अंगात जातं. अंगाला तेल चोळलेलं असेल तर आणखी सहज. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं. घरात कुणाला ठाऊकही नसतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीननं फुटतात, कावीळ होते, अंग पांढरं पडतं. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी वापरून बाळं अशी आजारी पडल्याचं वैद्यकात नोंदलेलं आहे. आजेसासूबाईंची लुगडी उन्हात टाका, जपून ठेवा. बाळाला मात्र सासूबाईंच्या रोजच्या वापरातलं, दोरीवर वाळणारं एखादं विरलेलं सुती पातळ मागून घ्या. काठाचा भाग कापून टाका. तो टणक असतो, पाणी पीत नाही आणि मांडीला काचतो. सासूबाईंना कारण नीट सांगितलंत तर त्या रागावणार नाहीत. नातीची काळजी त्यांनाही आहे.

रात्री बांधायचं असं: पॉकेटच्या खिशात तळाला दोन सुती पट्ट्या, वर मायक्रोफायबर. ती पटकन ओढून घेते आणि खालच्या सुताला सावकाश पाजते. तिन्ही मावत नसतील तर मायक्रोफायबर काढा, सुती ठेवा. खिसा कोंबून भरलात तर आतल्या आत गोळा होतो आणि सगळी शू एका बाजूला जाते. मायक्रोफायबर उघड्या कातडीला कधी लावू नका. ती कातडीतलीही ओल ओढते आणि पुरळ वाढवते. मुलगी असल्यामुळे जाडी मधोमध आणि किंचित मागे ठेवा. मुलगा असता तर पुढे म्हटलं असतं. पोटावर झोपायची सवय लागली असेल तर मुलीलाही पुढे लागते.

पुढेमागे विकत घ्यावंसं वाटलं तर हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या सालीचं सूत, रात्रीला चांगलं. सावकाश पितं आणि धरून ठेवतं. त्याची एक पातळ पट्टी सगळ्यात खाली. बांबूची म्हणून विकतात ती व्हिस्कोजही भरपूर पिते. फिटेड नावाचा प्रकार असतो, ज्यात कंबरेपासून कंबरेपर्यंत अख्खी नॅपीच पिणाऱ्या कापडाची असते आणि वर कव्हर घालतात. रात्रीसाठी सगळ्यात भरवशाचं तेच. पण तुमच्याकडे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, मी ते घेऊ नका म्हणेन. शिवलेले सात-आठ थर तुमच्या पावसात वेळेवर वाळत नाहीत, आणि दमट नॅपी कोरडी समजून बांधली तर अर्धी जागा आधीच भरलेली. लुगड्याचा तुकडा उलगडला की एकपदरी होतो. दोरीवर पसरून पंख्याखाली ठेवला की सकाळचा रात्रीपर्यंत वाळतो. चिकोडी-अथणीकडची एखादी बाई विचारती तर तिला फिटेडच सांगितली असती. तिच्याकडे ऊन आहे.

आता कव्हर. बाळाच्या मानानं ते एक टिचबटण सैल ठेवा. गळती थांबावी म्हणून आपण घट्ट करतो, आणि घट्ट केलं की आतली घडी पिळली जाते, म्हणजे गळती आपणच करून घेतो. कंबरेत दोन बोटं सहज जावीत. मांडीची इलॅस्टिकची कड जांघेच्या घडीत बसली पाहिजे, मांडीवर खाली उतरलेली नको. बांधून झालं की चारी बाजूंनी बोट फिरवा: आतल्या कापडाचं एखादं टोक बाहेर आलंय का? सुतभर जरी बाहेर असलं तरी दिव्याच्या वातीसारखं ते पाणी बाहेर ओढत राहतं, आणि सकाळी आपण म्हणतो, घडी तर अर्धी कोरडी, मग झबलं ओलं कसं! सकाळी मांडीवर फिकट वळ दिसला आणि थोड्या वेळात गेला तर काळजी नाही. खोल, लाल चर राहिला तर एक बटण आणखी सैल. वेलक्रोचं कव्हर असेल तर या वयाची पोर ते स्वतः ओढून काढते, म्हणून मला टिचबटणं बरी वाटतात.

काकूंच्या फेंगड्या पायांची भीती मनातून काढून टाका. बाळाचे पाय जन्मतःच थोडे कमानीसारखे असतात, पोटात तसेच दुमडलेले असतात ना. चालायला लागल्यावर, साधारण दोन वर्षांच्या सुमारास, ते आपोआप सरळ होत जातात. नॅपीच्या जाडीचा त्याच्याशी संबंध नाही. उलट खुब्याला धोका असतो तो पाय सरळ ताणून, जवळ आवळून घट्ट गुंडाळण्यात. जाड नॅपीनं पाय बेडकासारखे फाकलेले राहतात ते खुब्याला चालतं. फक्त तिला पाय मोकळे हलवता आले पाहिजेत.

रात्रभर एक नॅपी ठेवली तर चालते, शी केली नसेल आणि कातडी निरोगी असेल तोवर. शी झाली की लगेच बदलायची, वाजले कितीही असोत. पुरळ असेल त्या दिवसांत मध्यरात्री एकदा बदला. जांघेच्या घडीत लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेनं सुटे लाल ठिपके दिसले तर ती बहुतेक बुरशी असते. ती तेलानं जात नाही, डॉक्टरांना दाखवून औषध घ्या. पहिल्या दोन महिन्यांच्या तान्ह्याला मात्र मी रात्रभराची नॅपी बांधा म्हणणार नाही. ते प्यायला उठतंच, तेव्हा बदलावं.

तेलाचं एक राहिलं. आपल्याकडे सकाळी मालीश, मग आंघोळ, तिथं काही अडत नाही. रात्री जांघेत खोबरेल लावत असाल तर ते घडीत उतरतं आणि तेल प्यायलेलं कापड पाणी पीत नाही. लावायचं तर पुसट लावा आणि वर मलमलीचा एक सुटा पदर ठेवा, तेल त्यात राहील. मलमांनाही तेच.

धुण्याचं थोडक्यात. सकाळी काढलेली रात्रीची नॅपी तशीच बादलीत टाकू नका, आधी साध्या पाण्यात दोनदा खंगाळा. सकाळी नाकात जातो तो वास अमोनियाचा. शूमधला युरिया जंतूंमुळे फुटून तो होतो, आणि कापडात साचत गेला की कातडी भाजल्यासारखी लाल करतो. धुताना पावडर नेहमीच्या कपड्यांइतकी पूर्ण घाला. बाळाचं म्हणून चिमूटभर घातली तर मळ निघत नाही. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव मात्र थेंबभरही नको, धाग्यावर त्याचा थर बसतो. सुती घड्या बंबाच्या कडक पाण्यात चालतात; कव्हर कोमट पाण्यात. कव्हर चुलीवर, शेगडीवर, निखाऱ्यावरच्या टोपलीवर कधीही वाळवू नका. पावसाळ्यात हा मोह सगळ्यांना होतो. पापुद्रा सुटतो आणि मग ते खरंच गळतं. तसंही कव्हर झटकून टांगलं की घरातल्या वाऱ्यावर लवकर सुकतं. रात्रीसाठी तीन कव्हरं आणि पट्ट्यांच्या चार-पाच जोड्या असल्या की दोन दिवस धो धो पाऊस लागला तरी निभतं. आणि सलग आठवडाभर सूर्य दिसला नाही, घरात कोरडं काही उरलं नाही, तर एक-दोन रात्री बाजारचं डायपर बांधा, पुरळाकडे लक्ष ठेवून. त्यात कमीपणा काही नाही.

वाकळ वाचवायला तिच्यावर मेणकापड किंवा रबरी चादर ताणून, चारी कडा खाली दाबून घाला, वर एक सुती दुपटं, तेही ताणून. बाळाच्या तोंडाजवळ सुटं, गोळा होणारं काही नको, आणि झोपवायचं पाठीवर. काही घरांत मेणकापडाऐवजी घोंगडी घालतात. पावसात मेंढरांमागं फिरणारा धनगर डोक्यावर घोंगडीची खोळ घेतो ती उगीच नाही. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि वारा खेळता ठेवते. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीची नॅपी कव्हरंही याच गुणावर करतात, धुतल्यावर मेंढीच्याच अंगचं मेण, लॅनोलिन, त्यांना परत पाजतात. आपली दख्खनी लोकर राठ, ती बाळाच्या कातडीला टोचते. पण दुपट्याच्या खाली, अंगाला न लागता, घोंगडी जरूर घाला. मला ती रबरापेक्षा आवडते, पाठीला घाम धरत नाही.

पहिल्या तीन रात्री झोपायच्या आधी, म्हणजे अकरा-बाराच्या सुमारास, पोरीला न उठवता मांडीच्या कडेनं एक बोट आत घालून बघा. कड कोरडी असेल तर सकाळपर्यंत निभेल. ओलसर असेल तर दुसऱ्या दिवशी एक पट्टी वाढवा. मिस्टर दुसऱ्या पाळीहून त्याच वेळेला घरी येत असतील तर हात धुऊन, कोरडे करून हे बघायचं काम त्यांना द्या, आणि बदलायची वेळ आली तर बदलायचंही. घडी कशी घालायची ते रविवारी मोरीत दोघांनी मिळून फुलपात्रानं बघून घ्या, म्हणजे रात्री तुम्हाला उठवून विचारावं लागणार नाही.